बिनदारूच्या पबचा गल्ला

दारू न विकणारा पब रात्रीच्या करमणुकीचे ठिकाण म्हणून तग धरू शकेल का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये दर जानेवारीत नव्याने चर्चेला येतो. ‘अल्कोहोल कन्सर्न’ या संस्थेने २०१३ साली ‘ड्राय जानेवारी’ ही मोहीम सुरू केली, आणि तेव्हापासून वर्षाचा पहिला महिना दारूवाचून काढण्याचा रिवाजच तिथे पडला आहे. इंग्लंडमधील प्रौढांपैकी साधारण एक पंचमांश लोक दारू पीत नाहीत. दुसरीकडे, २००० साली ६० हजारांच्या आसपास असलेले ब्रिटनमधील पब आता ४५ हजारांच्या आसपास उरले आहेत. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की न पिणाऱ्यांसाठी वेगळे पब काढावेत, म्हणजे बंद पडणाऱ्या धंद्याला नवे गिऱ्हाईक मिळेल, असे उत्तर आपोआप सुचते. मला हे उत्तर घाईचे वाटते. दारू न पिणारा माणूस म्हणजे बिनदारूच्या पबचे गिऱ्हाईक, असे समीकरण त्यात गृहीत धरलेले आहे आणि ते तपासून पाहिल्याशिवाय मान्य करण्याजोगे नाही.

पबमध्ये जाणारा माणूस पैसे मोजतो ते ग्लासाचे, पण विकत घेतो ती बसण्याची मुभा. हातात भरलेला ग्लास आहे तोवर कोणी उठवत नाही, आणि ग्लास रिकामा झाला की पुढचा मागवावा लागतो किंवा उठावे लागते. ब्रिटिश पबमध्ये ‘राउंड’ची पद्धत आहे: चौघे बसले तर एकेकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचे, म्हणजे चौघांची पाळी येईपर्यंत चार ग्लास होतातच. मालकाचे भाडे, नोकरांचा पगार आणि विजेचे बिल या फेऱ्यांतून निघते. ही व्यवस्था कोणी आखलेली नसली तरी ती दारूच्या एका गुणावर उभी आहे. दारूचा पहिला ग्लास दुसऱ्याची इच्छा निर्माण करतो. लिंबाच्या सरबताचा किंवा आल्याच्या पेयाचा पहिला ग्लास तहान भागवतो आणि तिथेच थांबतो.

चवीचा आक्षेप आता उरलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. हाइनेकेनने २०१७ साली शून्य अल्कोहोलची बिअर बाजारात आणली, गिनेसची तशी बिअर २०२१ पासून पबमध्ये मिळू लागली, आणि डोळे मिटून प्यायला दिल्यास पुष्कळांना फरक ओळखता येणार नाही इतकी ही पेये सुधारली आहेत. ब्रिटनमध्ये १.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर मद्यशुल्कही लागत नाही. तथापि यातील पुष्कळशी बिअर आधी नेहमीसारखी आंबवून मग तिच्यातला अल्कोहोल काढून तयार होते, त्यामुळे तिचा खर्च वाटतो तितका कमी होत नाही आणि गिऱ्हाईक मात्र ‘यात दारू नाही, मग किंमत इतकी कशी?’ असे विचारते. शिवाय पुढच्या ग्लासाचा प्रश्न उरतोच. बिनदारूची बिअर चांगली झाल्याचा खरा फायदा नेहमीच्या पबला झाला, कारण न पिणारा मित्र आता पिणाऱ्यांच्या टेबलावर अवघडल्याशिवाय बसू शकतो.

हा मुद्दा पुष्कळ उत्साही लेखांतून सुटतो. लोक रात्री बाहेर पडतात ते टोळीने, आणि पाच जणांच्या टोळीत दोघे जरी पिणारे असले तरी पाचही जण अशा ठिकाणी जातात जिथे दोघांचीही सोय आहे आणि तिघांचीही. ‘लकी सेंट’ ही केवळ बिनदारूची बिअर बनवणारी कंपनी आहे; तिने २०२३ साली लंडनमध्ये स्वतःचा पब उघडला तेव्हा त्यात नेहमीची दारूही ठेवली. ज्यांचे सगळे भांडवल शून्य टक्क्यांवर लागलेले आहे त्यांनी घेतलेला हा निर्णय मला कोणत्याही पाहणीपेक्षा बोलका वाटतो. ‘ब्रूडॉग’ या बिअर कंपनीने जानेवारी २०२० मध्ये लंडनच्या ओल्ड स्ट्रीटजवळ पूर्णपणे बिनदारूचा बार काढला होता, पण मार्चमध्ये कोविडमुळे सगळेच पब बंद झाले, त्यामुळे त्यावरून बरावाईट निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

निष्कर्ष काढायला इतिहास पुरेसा आहे, कारण हा प्रयोग नवा नाही. १८३२ साली प्रेस्टन गावात जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या साथीदारांनी दारू पूर्णपणे सोडण्याची शपथ घेतली आणि त्या चळवळीतून पुढे १८७०च्या दशकात इंग्लंडभर ‘कॉफी टॅव्हर्न’ उभ्या राहिल्या. त्यांची मांडणी मुद्दाम पबसारखी केलेली असे: तशाच मोठ्या काचा, तसेच गॅसचे दिवे, तसाच लांब ओटा, फक्त ओट्यावर बिअरऐवजी कॉफी आणि कोको. पुढाकार घेणारी माणसे भली होती आणि त्यांच्यापाशी पैसाही होता, तरीही शतक संपेपर्यंत यातल्या बहुतेक बंद पडल्या. कॉफी पातळ, भिंतीवर सुविचार, आणि मालक आपल्याला सुधारायला बसला आहे ही गिऱ्हाइकाला सतत होणारी जाणीव, असे त्यांचे रूप झाले होते. दिवसभर राबून आलेल्या मजुराला संध्याकाळी कोणाच्या उपकाराखाली बसायची हौस नसते. अपवाद होता तो लिव्हरपूलच्या कोको-रूमचा. १८७५ साली तिथे निघालेल्या कंपनीने गोदीजवळ खोल्या उघडल्या आणि भल्या पहाटे कामावर येणाऱ्या गोदीकामगारांना गरम कोको आणि पाव स्वस्तात दिला. तो धंदा नफ्यात चालला, कारण तो न्याहारीचा धंदा होता आणि त्या वेळी त्या जागी दुसरे कोणी तेवढे देत नव्हते. रात्रीशी त्याचा संबंध नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची गोष्ट अधिक नाट्यमय आहे. जेम्स मन्रो या दारूबंदीवाद्याने १८८६ साली तिथले एक आलिशान हॉटेल घेतले, त्याचा मद्यपरवाना चक्क जाळून टाकला असे सांगतात, आणि हॉटेलचे नाव ‘ग्रँड कॉफी पॅलेस’ ठेवले. १८९७ साली त्याच इमारतीने पुन्हा परवाना घेतला. आज ती ‘विंडसर हॉटेल’ म्हणून ओळखली जाते आणि तिथे दारू मिळते.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकण्याजोगी वाटते ती लंडनच्या एमा कॉन्स या बाईंची हकिकत. समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांच्याबरोबर त्या गरीब वस्त्यांतील घरांच्या व्यवस्थापनाचे काम करीत, आणि भाडे थकण्यामागे व बायकांना मार बसण्यामागे नवऱ्याची दारू असते हे त्यांनी घरोघर पाहिले होते. पुरुष पबमध्ये जातात कारण त्यांना जायला दुसरी उजेडाची, गाण्याबजावण्याची जागा नाही, असे निदान त्यांनी केले. त्या काळी संगीताचे जलसे ज्या ‘म्युझिक हॉल’मध्ये होत, तिथली कमाई मुख्यतः दारूची असे, गाणे हे दारू खपवण्याचे साधन होते. वॉटर्लू भागातले एक जुने, बदनाम झालेले नाट्यगृह कॉन्सबाईंनी ताब्यात घेतले आणि १८८० च्या नाताळात ‘रॉयल व्हिक्टोरिया कॉफी अँड म्युझिक हॉल’ या नावाने ते उघडले. दारू बंद, पाचकळ विनोद बंद, तिकीट स्वस्त. पहिल्याच वर्षी संस्था तोट्यात गेली. सभ्य करमणूक आणि कॉफी या जोडीला पुरेसे प्रेक्षक मिळेनात, आणि दारूची कमाई नसल्यामुळे रिकाम्या खुर्च्यांचा भार दुसरीकडून भरून निघेना. सॅम्युअल मॉर्ली या कापड-कारखानदाराच्या मदतीने ती जेमतेम तगली.

पुढे जे घडले ते मात्र कॉन्सबाईंच्या मूळ योजनेत नव्हते. कॉफी मागे पडत गेली आणि रंगमंच पुढे आला. पेनीभर तिकिटात शास्त्रज्ञांची व्याख्याने होऊ लागली, त्यांना इतकी गर्दी होऊ लागली की त्यातून १८८९ साली कामगारांसाठी ‘मॉर्ली कॉलेज’ निघाले. ऑपेरातील गाण्यांच्या मैफिली सुरू झाल्या. १९१२ साली कॉन्सबाई वारल्यावर त्यांची भाची लिलियन बेलिस हिने सूत्रे घेतली आणि १९१४ पासून तिथे शेक्सपिअरची नाटके होऊ लागली. ही जागा म्हणजे आजचे ‘ओल्ड व्हिक’. १९६३ साली ब्रिटनचे राष्ट्रीय नाट्यगृह स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले घर हेच होते. दारूशिवाय रात्र भरवण्याचा प्रयोग, म्हणजे, यशस्वी झाला. पण पेयाच्या जागी पेय ठेवून तो झाला नाही. लोक ज्यासाठी तिकीट काढतील असे काही रंगमंचावर आले तेव्हा तो झाला, आणि मग ओट्यावर काय मिळते हा प्रश्न गौण ठरला.

माझे म्हणणे एवढेच आहे. पबमधून दारू वजा करून जे उरते ते गिऱ्हाइकाला अपुरे वाटते आणि मालकाला परवडत नाही. दारूशिवायची रात्र चालवायची असेल तर ग्लासावर कमाई करण्याचा हट्ट सोडून वेळेवर, कार्यक्रमावर किंवा जागेवर उघडपणे पैसे घेतले पाहिजेत. इव्हान मितिन या रशियन तरुणाने २०११ साली मॉस्कोत ‘झिफरब्लाट’ नावाचे ठिकाण काढले आणि नंतर लंडनमध्येही त्याची शाखा उघडली. तिथे कॉफी-बिस्किटे फुकट आणि बसण्याचे पैसे मिनिटावर होते, लंडनमध्ये मिनिटाला तीन पेन्स. बोर्डगेम खेळायला देणारे कॅफे आज जगभर तासावर किंवा माणशी शुल्क घेतात, आणि कोणी एका कॉफीवर चार तास बसला म्हणून त्यांना कपाळाला आठ्या घालाव्या लागत नाहीत. शून्य टक्क्यांची पाटी लावलेल्या बारपेक्षा अशा ठिकाणी मला अधिक भविष्य दिसते.

ब्रिटनमध्येच याचा आणखी एक दाखला आहे आणि तो बहुधा चर्चेत येत नाही, कारण तो कोणा सुधारकाने घडवलेला नाही. ‘क्रीम्स’, ‘कॅस्पाज’ अशा नावांची गोड पदार्थांची दुकाने गेल्या दीडएक दशकात ब्रिटिश शहरांत जागोजागी निघाली. वॉफल, आइस्क्रीम, कुनाफा, मिल्कशेक. उशिरापर्यंत उघडी, भडक दिव्यांची, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री तरुणांनी गच्च भरलेली. त्यांच्या गिऱ्हाइकांत दारू न पिणाऱ्या मुस्लिम घरांतल्या मुलामुलींचा वाटा मोठा आहे. या दुकानांवर ‘बिनदारूचे’ अशी पाटी नसते आणि कोणी ती शोधतही नाही. मुलीही रात्री दहाला तिथे निवांत बसतात. गोड पदार्थ महाग विकता येतो, चौघांनी वाटून खाता येतो, आणि पोट भरले तरी गप्पा चालू राहतात. कॉफी टॅव्हर्नवाल्यांना जे जमले नाही ते या दुकानदारांना जमले, कारण त्यांना पबची जागा घ्यायचीच नव्हती.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी तरी वेगळा पब हवाच, असे कोणी म्हणेल. लिव्हरपूलमध्ये २०११ साली ‘द ब्रिंक’ नावाचा बार व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या संस्थेनेच काढला होता, आणि अशा जागेला नफ्याची कसोटी लावणे योग्य नाही. वाचनालयाला आपण ती लावतो का? पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून या क्षेत्रात काम करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसापुढे संध्याकाळी जायचे कुठे हा प्रश्न खराखुरा असतो, कारण जुने मित्र, जुना रस्ता आणि जुनी वेळ ही सगळी दारूला बांधलेली असतात. पण नेमक्या या माणसाला बारसारखा ओटा, बिअरसारखा फेस आणि बिअरसारखी चव यांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला जातो, कारण चव आणि वास हीच जुन्या सवयीची दारे असतात. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला नकली पब धोक्याचा, आणि ज्याला धोका नाही त्याला नेहमीचा पब खुला.

महाराष्ट्राकडे वळले की सगळे गणित उलटे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १८.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १.३ टक्के दारू पितात. ब्रिटनमध्ये न पिणारा अल्पसंख्य आहे; आपल्याकडे पिणारा. दारूशिवाय रात्र कशी काढायची हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. कोजागिरीला गच्चीवर दूध आटते, नाट्यगृहात मध्यंतराला बटाटेवड्यासाठी रांग लागते, आणि सवाई गंधर्व महोत्सवात १९५३ पासून लोक गाणे ऐकायला रात्र-रात्र बसत आले, ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची मर्यादा येईपर्यंत. मुंबईच्या उपनगरांत नवरात्रात फाल्गुनी पाठक यांच्या दांडियाचे पास हातोहात संपतात. हजारो माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक बाया आणि मुली असाव्यात, घामाघूम होईपर्यंत नाचतात, पैसे देऊन नाचतात, आणि दारूचा थेंब नसल्याची तक्रार करीत नाहीत. गेल्या वर्षा-दोन वर्षांत मुंबई, पुणे, बंगळुरू येथे तिकीट लावून कॉफीबरोबर डीजे आणि ‘भजन क्लबिंग’ असे प्रकार निघाले आहेत. ते पाहून काहींना हसू येते, काहींना भक्तीचा बाजार मांडल्याचा राग येतो, पण तिकीट घेणारा तरुण दारूवाचून नाचायला तयार आहे एवढे त्यातून दिसतेच.

मग आपल्याकडे उणीव कशाची आहे? वर्षातून नऊ रात्री दांडिया असतो आणि कोजागिरी एकदाच येते. उरलेल्या रात्री एकवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना, न पिणाऱ्या जोडप्यांना, कामाची पाळी संपवून रात्री अकराला बाहेर पडणाऱ्या कंपनीतल्या लोकांना बसायला जागा नसते. आपल्या हॉटेलांतील ‘परमिट रूम’ आणि ‘फॅमिली रूम’ ही विभागणीच पाहा: फॅमिली रूममध्ये जेवायचे, हात धुवायचे आणि उठायचे, रेंगाळण्याचा हक्क परमिट रूममधल्याचा. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला तेव्हा अल्पवयीनांना दारू देणाऱ्या पबवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. सतरा-अठराच्या मुलांनी रात्री मग जायचे कुठे, हे मात्र त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही. ‘घरी बसावे’ हे उत्तर देणाऱ्यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांतले टपरीवरचे तास आठवून पाहावेत.

कायदा इथे अनपेक्षितपणे बिनदारूच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात दारू न विकणाऱ्या आस्थापनांना चोवीस तास उघडे राहता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने तसा आदेश पुन्हा काढला, कारण पोलीस आणि स्थानिक अधिकारी दुकाने बंद करायला लावतात अशा तक्रारी आल्या होत्या. बारला मात्र दीडच्या सुमारास आवरावे लागते. बारमध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट २०२३ मध्ये पाचवरून दहा टक्क्यांवर गेला, नंतर परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढले, आणि १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बारमालकांनी त्याविरुद्ध एक दिवस बार बंद ठेवले. या सगळ्या खर्चातून दारू न विकणारा सुटतो. ध्वनिक्षेपकाचे नियम रात्री दहानंतर उघड्या जागेला लागू आहेत. बंद सभागृहात, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने, गाणे चालू शकते. दीडनंतरची रात्र कायद्याने जवळजवळ मोकळी पडली आहे आणि ती घ्यायला कोणी पुढे येत नाही.

अडचणी आहेत. चोवीस तासांचा आदेश मुंबईच्या मंत्रालयात निघतो आणि नाक्यावरची शिट्टी अकराला वाजते. दोहोंत शिट्टीचा अधिकार मोठा ठरतो. मुंबईची लोकल एकच्या सुमारास थांबते ती पहाटे चारच्या सुमारास सुटते, पुण्याची मेट्रो अकराला संपते, आणि मुलींच्या वसतिगृहांची फाटके त्याआधीच बंद होतात. ज्याला रिक्षावाल्याला परतीचे तीनशे रुपये द्यायचे आहेत तो आत आणखी दोनशे देताना विचार करणारच. त्यामुळे अशी पहिली जागा स्टेशनच्या पायी अंतरावर हवी आणि तिचा मुख्य धंदा रात्री बारापर्यंतचा धरावा. पहाटेपर्यंतची चैन शनिवारपुरती ठेवावी.

बिअर कंपन्यांनी अशा जागा पुरस्कृत करण्याची तयारी दाखवली तर ती नाकारावी, असेही मला वाटते. मद्याच्या थेट जाहिरातीवर बंदी असल्यामुळे आपल्याकडे त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाच्या संगीताच्या सीडी विकल्या गेल्या; अशा आडमार्गी जाहिरातींवर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली तरी नामफलकाला वाट सापडतेच. बिअरच्या नावाचा शून्य टक्क्यांचा पब अठरा वर्षांच्या मुलाला नेमकी कोणती ओळख करून देईल हे सांगायला नको.

राहतो तो पैसे आकारण्याचा प्रश्न, आणि सगळा प्रयोग त्याच्यावरच अडेल. माणशी दीडशे-दोनशे रुपये दारातच घ्यावेत, त्यात एक चहा किंवा कॉफी यावी, आत खेळ, एखादे वाद्य, आठवड्याला दोन-तीन ठरलेले कार्यक्रम असावेत, आणि नंतर कोणी काही मागवले नाही तरी वेटरने टेबल पुसायला चारदा येऊ नये. ‘चहा पंधरा रुपयांचा आणि बसायचे दोनशे?’ हा पुण्यातला पहिला आक्षेप असेल आणि तो खोडून काढण्याच्या फंदात मालकाने पडू नये. हाच माणूस नाटकाच्या तिकिटाला चारशे रुपये मोजतो, कारण तिथे तो कशाचे पैसे देतो हे त्याला ठाऊक असते. इथेही ते दारावर स्वच्छ लिहिलेले असावे आणि सबंध वर्षभर, नवरात्राखेरीजच्या रात्रींना, तेवढ्याला साजेसे काही आत खरोखर चालू असावे. एकट्या कॅफेमालकाला हे रोज जमणार नाही. नाट्यसंस्था, गाण्याचे क्लास, एकांकिका करणारे कॉलेजचे गट यांना आठवड्यातला एकेक दिवस वाटून देऊन दारावरच्या पैशांत त्यांचा हिस्सा ठरवला, तर मात्र जमण्यासारखे आहे.